टुपाकची यादी तोंडपाठ, आपल्या शाहिरांची कुठंय?

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक काम सांगितलंय.)

जयंती होऊन दोनच दिवस झाले होते. मामा चौकाच्या अलीकडे एका मित्राकडे संध्याकाळी चहाला बसलो होतो. त्याचं पोरगं कॉलेजला आहे आणि रॅप करतं. मला म्हणालं, "काका, टुपाक माहितीय का?" नाव ऐकलेलं होतं, तेवढंच. मग त्यानं सुरुवात केली. पहिला अल्बम १९९१ ला, 'टुपॅकॅलिप्स नाऊ'. दुसरा १९९३ ला. तिसरा 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड', १९९५. चौथा 'ऑल आईज ऑन मी', फेब्रुवारी १९९६, त्यात २७ गाणी. सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासला गोळ्या घातल्या, सहा दिवसांनी १३ तारखेला गेला. वय फक्त २५. त्यानंतर दोन महिन्यांत पाचवा अल्बम, तोही दुसऱ्याच नावानं. आणि मग पुढची दहा वर्षं, मेलेल्या माणसाचे अल्बम येतच राहिले.

कोणत्या गाण्याला संगीत कुणाचं, ते कोणत्या स्टुडिओत झालं, सगळं त्याला पाठ. मी म्हटलं, शाब्बास. मग सहज विचारलं, "परवा मिरवणुकीत डीजेवर एवढी भीमगीतं वाजली. त्यातल्या पाच गाण्यांचे गीतकार सांग बरं."

पोरगं गप्प. त्याचा बाप गप्प. खरं सांगायचं तर मलाही दोनच सांगता आले असते.

कोपऱ्यात बाजेवर मित्राचे वडील बसले होते. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी ते एका गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ते म्हणाले, "पत्र्याच्या पेटीत कॅसेटी आहेत. बघा त्यात नावं सापडली तर." त्या पेटीकडं शेवटी येतो. आधी थोडा इतिहास.

---

टुपाक आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. त्याची आई अफेनी शकूर अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती होती. तिच्यावर न्यूयॉर्कमध्ये मोठा खटला झाला. पोटात बाळ असताना तिनं कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली. महिनाभरात, १६ जून १९७१ ला टुपाक जन्मला. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्याच ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या मंडळींनी दलित पँथर उभी केली. म्हणजे ज्या संघटनेच्या घरात टुपाक वाढला, तिचं नाव मराठवाड्यातल्या वस्त्यांच्या भिंतींवर तेव्हाच येऊन पोचलं होतं.

टुपाकनं आईवर एक गाणं केलं, 'डिअर मामा'. अमेरिकेच्या संसदेचं एक ग्रंथालय आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेस. देशानं कायम जपायच्या ध्वनिमुद्रणांची एक यादी ते दरवर्षी काढतं. २०१० मध्ये हे गाणं त्या यादीत गेलं. पोलिसांना शिव्या घालणारा, तुरुंगात जाऊन आलेला पोरगा, पण त्याचा आवाज सरकारनं राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायला घेतला. ही गोष्ट मला त्याच्या गाण्यांपेक्षा मोठी वाटते.

आता आपल्याकडं या.

२००४ हे साल घ्या. १५ मे २००४ ला महाकवी वामनदादा कर्डक गेले. पुढं सव्वा महिन्यानं, २३ जूनला प्रल्हाद शिंदे गेले. एक लिहिणारा, एक गाणारा. पन्नास वर्षं ज्यांच्या शब्दांवर आणि आवाजावर महाराष्ट्रातल्या वस्त्या जाग्या राहिल्या, ते दोघं एकाच उन्हाळ्याच्या शेवटाला गेले. त्याच सालच्या डिसेंबरात अमेरिकेत टुपाकचा आणखी एक अल्बम आला, मरून आठ वर्षं झाल्यावर, आणि तो तिथल्या यादीत पहिल्या नंबरावर गेला. कारण त्याचं प्रत्येक ध्वनिमुद्रण कुणीतरी नाव-तारीख घालून ठेवलेलं होतं.

आपल्या या दोघांची यादी काय? वामनदादांनी दहा हजार गाणी लिहिली असं म्हणतात. प्रल्हाद शिंद्यांनी कुणी म्हणतं पाच हजार गायली, कुणी म्हणतं दहा हजार. आकड्यात हजारोंचा फरक पडतो, तेव्हा समजायचं की मोजलेलं कुणीच नाही.

---

हे असं का झालं? नुसतं "आपल्याकडं कदर नाही" म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. यामागं कारणं आहेत.

पहिलं कारण तबकडीचं. आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये, कलकत्त्याला, गौहर जानसारख्या गायिकांच्या आवाजात. तेव्हाची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. आता आपला पोवाडा घ्या. डफ, तुणतुणं, मागं झील धरणारे, मध्ये गद्यात सांगायचा प्रसंग. तास-दीड तासाचा ऐवज. जलसा तर रात्रभर चालायचा. तीन मिनिटांत काय बसणार? जे बसलं ते तबकडीवर गेलं, बाकीचं गावाच्या पारावरच राहिलं. शिवाय तबकडी काढायला कंपनी पाहिजे आणि कंपनीला गिऱ्हाईक पाहिजे. ज्यांच्याकडं वाजवायला ग्रामोफोनच नव्हता, त्यांची गाणी कंपनी कशाला काढील? १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. त्यांच्याविषयी आज आपल्याला जे कळतं, ते भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी पुढं लिहून ठेवलं म्हणून.

वामनदादा या सगळ्याच्या मधले. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकले आणि १९४३ पासून गाणी लिहायला लागले. 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा गाजलेला तमाशापट, त्यातही त्यांचं गाणं आहे. म्हणजे सिनेमाचा दरवाजा उघडला होता. पण हा माणूस सिनेमात रमला नाही. खांद्याला पिशवी आणि गावोगाव कार्यक्रम. सत्तरच्या दशकात 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह छापून आले, पण गाणं लिहून व्हायचं, त्याच रात्री गायलं जायचं आणि सकाळपर्यंत दुसऱ्या पार्टीच्या वहीत उतरलेलं असायचं.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. ही आपली जुनी रीत. तुकोबा अभंगाच्या शेवटी "तुका" येतात, शाहीर पोवाड्याच्या शेवटी नाव सांगतो. तिला नाममुद्रा म्हणतात. कागद नसलेल्या लोकांनी काढलेली ही पक्की युक्ती होती. गाणं कुणीही गावो, कुठंही जावो, लिहिणाऱ्याचं नाव गाण्याच्या पोटातच बसून प्रवास करणार. म्हणजे नोंद ठेवायची अक्कल आपल्याकडं नव्हती असं नाही. अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून होती.

मग झालं काय, की गाणं वेळेत बसवायला शेवटचं कडवं कापलं, आणि कडव्यासोबत नाव गेलं.

---

दुसरं कारण कॅसेट.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि तबकडी कंपन्यांची मक्तेदारी मोडली. तेव्हा नुकताच आपला जालना जिल्हा झाला होता, १ मे १९८१. चाळिशी-पन्नाशीतल्यांना आठवत असेल. बसस्टँडच्या बाजूला कॅसेटची दुकानं, "कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून मिळतील" अशी पाटी, साठ मिनिटांची आणि नव्वद मिनिटांची. टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची. रसवंतीवर, टपरीवर, ट्रकमध्ये, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं एकच आवाज. प्रल्हाद शिंदे.

त्या आवाजाची गंमत बघा. मंगळवेढ्याकडच्या आंबेडकरी घरातला माणूस. त्यानं भीमगीतं गायली, कव्वाल्या गायल्या, लोकगीतं गायली. आणि विठ्ठलाची, गणपतीची गाणी अशी गायली, की आषाढीला ती वाजल्याशिवाय आपल्याकडं वारी निघाल्यासारखं वाटत नाही. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला जा, दहातल्या पाच दुकानांत हाच आवाज. ज्या घरांनी कधी जयंतीची वर्गणी दिली नसेल, त्या घरांत सकाळी देवपूजेला हाच आवाज. वेस ओलांडायला माणसाला बंदी होती, आवाजाला कुणी अडवू शकलं नाही.

पण 'पाऊले चालती पंढरीची वाट' कुणी लिहिलं, विचारा दहा जणांना. दहाही जण "प्रल्हाद शिंद्यांचं गाणं" म्हणतील. ते लिहिलं दत्ता पाटलांनी. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर गायकाचं नाव आणि फोटो मोठा, कंपनीचं त्याहून मोठं. गीतकार, संगीतकार कुठंतरी बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. आणि बसस्टँडवर भरून घेतलेल्या कॅसेटला तर कागदच नसायचा. कॅसेटनं आपला आवाज वाचवला, आणि आवाजामागची नावं पुसली. दोन्ही खरं आहे.

नाव पुसलं की नुसता मान जात नाही, पैसाही जातो. गीतकाराचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ सालापर्यंत आहे. २०१२ मध्ये कायदा बदलला आणि ध्वनिमुद्रित गाण्यावरची रॉयल्टी हा गीतकार-संगीतकारांचा न सोडता येणारा हक्क ठरला. पण हक्क मागायला आधी "हे गाणं माझ्या बापाचं" हे दाखवावं लागतं. यादीच नसेल तर दाखवणार काय?

---

तिसरी गोष्ट विलास घोगऱ्यांची. नव्या पोरांनी हे नाव लक्षात ठेवावं. मुंबईच्या झोपडपट्टीत राहणारा शाहीर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. टुपाक जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

टुपाकच्या मागं स्टुडिओत कपाटभर टेपा राहिल्या. घोगऱ्यांचा आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः एका माणसामुळं. आनंद पटवर्धन यांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांवर १९८५ मध्ये 'हमारा शहर' हा माहितीपट केला, त्यात घोगरे गाताना दिसतात. पुढं २०११ मध्ये त्यांनीच घोगऱ्यांच्या मृत्यूपासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' केला. कॅमेरावाला त्या गल्लीत गेला नसता, तर आपल्याकडं फक्त "एक शाहीर होता म्हणे" एवढंच उरलं असतं. आणि प्रत्येक गल्लीत पटवर्धन जात नाहीत.

---

आता कुणी म्हणेल, आज काय अडचण आहे? मोबाईल आहे, यूट्यूब आहे. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर, विपिन तातड वऱ्हाडी वळणात रॅप करतात. 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये नेदरलँडच्या कंपनीनं काढलं आणि जगभर वाजलं. शेजारच्या संभाजीनगरच्या राज मुंगासेनं २०२३ मध्ये खोक्यांवर रॅप केला, कुणाचं नाव न घेता, तरी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. राजकारणात कोण बरोबर, कोण चूक, ते आज बाजूला ठेवू. पण मजा अशी की गुन्हा दाखल झाला की गाण्याची तारीख, गाणाऱ्याचं नाव, शब्द, सगळं सरकारदरबारी पक्कं नोंदलं जातं. ज्याचा राग आला त्याचीच नोंद राहते. ज्यानं मुकाट्यानं चांगलं गायलं, त्याची कुठंच नाही.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं काही जण ठोकून देतात. तसं सरसकट नाही. रॅप १९७३ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तबकड्या मागंपुढं फिरवण्यातून सुरू झाला. पोवाड्याची पाळंमुळं वेगळी. पण दोन्हीकडं माणूस आपल्या वस्तीची बातमी ठेक्यावर सांगतो, आणि त्या वस्तीकडं दुसरा वार्ताहर नसतो. म्हणून ती नोंद महत्त्वाची. आणि यूट्यूब म्हणजे नोंद नव्हे. पासवर्ड विसरला, कंपनीनं हक्क सांगितला, की गाणं एका रात्रीत गायब. शिवाय तिथं एकच गाणं शंभर जणांनी आपापल्या नावानं चढवलेलं. गीतकाराचं नाव शोधा म्हणजे सापडेल.

---

आपण नोंद करू शकत नाही, असं मात्र म्हणू नका. १८९१ मध्ये ॲकवर्थ नावाचा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी फिरत्या गोंधळ्यांच्या, शाहिरांच्या तोंडून पोवाडे उतरवून छापले, म्हणून ते आज आहेत. आपल्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास. त्यांचं नि त्यांच्या संप्रदायाचं विखुरलेलं वाङ्मय मठामठांतून, जुन्या बाडांतून गोळा करायला धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव आयुष्यभर फिरले. आणि अगदी अलीकडं गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गाव. ज्या बाईचं नाव रेशनकार्डावर धड येत नव्हतं, तिचं नाव ओवीपुढं लिहिलेलं आहे. ओव्यांचं होतं, तर भीमगीतांचं, पोवाड्यांचं का नाही?

यात माझाही गुन्हा आहे, तो कबूल करतो. वीस वर्षं जयंतीच्या बातम्या लिहितोय. बातमीत प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सूत्रसंचालक, आभार, मंडपवाला सोडून सगळ्यांची नावं देतो. आणि शेवटी एक ओळ, "यावेळी भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम झाला." कुणी गायलं, कुणाचं गाणं, ढोलकीवर कोण, काहीच नाही. कुणी रद्द केलं नव्हतं ते. मीच कधी विचारलं नाही.

---

तर ती पेटी.

पत्र्याच्या पेटीत साठेक कॅसेटी निघाल्या. निम्म्यांना बुरशी. एका कॅसेटवर बॉलपेननं घनसावंगी तालुक्यातल्या एका गावाचं नाव आणि 'जयंती ८६'. पोरानं घाईनं टेपमध्ये घातली आणि दोन मिनिटांत ती गुंतून तुटली. म्हातारबा काही बोलले नाहीत, नुसता हात पुढं केला. ब्लेडनं टोकं सरळ कापली, बारीक चिकटपट्टी लावली, पेन्सिलनं हळूहळू गुंडाळली. मग वाजली.

आधी खरखर. मग लोकांचा गलका, एक लहान पोर रडतंय, कुणीतरी "लाईट बघ रे" म्हणतंय. आणि गायकाचा आवाज. गाणं सुरू करण्याआधी तो माईकवर गीतकाराचं पूर्ण नाव सांगतो, गावासकट. प्रत्येक गाण्याआधी. बसस्टँडच्या कॅसेटवर जे नाव नाही, ते या घरगुती टेपवर आहे. मग ढोलकी. म्हातारबा म्हणाले, "हा मी." पुढं झील धरणारे चार आवाज ओळखू लागले. हा अमका, हा तमका, हा गेला, हाही गेला, हा पुण्याला पोराकडं असतो. नातू मोबाईलवर टाइप करत होता. पाच गीतकारांची नावं मी विचारली होती, त्याच्याकडं त्या रात्री सात झाली.

म्हणून काम सांगतो. तुमच्या घरी, नातलगाकडं अशी पेटी असेल तर:

१) कॅसेट लगेच टेपमध्ये घालू नका. आधी उन्हाच्या आडोशाला कोरड्या जागी ठेवा, बुरशी दिसली तर जाणकाराला दाखवा, हातानं एकदा फिरवून बघा.

२) कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या चौकोनी पट्ट्या असतात, त्या मोडून टाका. म्हणजे चुकून वरून दुसरं रेकॉर्ड होणार नाही.

३) टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायरनं कॉम्प्युटरवर उतरवा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, घाई चालत नाही.

४) वहीत सहा रकाने करा. गाण्याचा मुखडा, गीतकार, गायक, साथीदार, गाव, वर्ष. वर्ष नक्की नसेल तर "घर बांधलं त्या साली" असं लिहिलं तरी चालेल, पुढं जुळवता येतं.

५) सगळ्यात आधी, ज्या म्हाताऱ्यांना आवाज ओळखू येतात, त्यांना शेजारी बसवा. कॅसेट पाच वर्षं थांबेल. ते थांबतील याची खात्री नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय, यापुढं जयंतीच्या बातमीत गायकाचं, गीतकाराचं आणि ढोलकीवाल्याचं नाव येणार. संपादकानं कापलं तर इथं टाकीन.

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. आठ तालुके आहेत आपले. तुमच्या गावच्या गायन पार्टीचं, शाहिराचं, भजनी मंडळाचं नाव खाली लिहा. फक्त पार्टीचं नाही, माणसांची नावं. ढोलकीवाल्याचं विसरू नका.